शिखर उतरवले, मग मनोरा: सारागोसातील एक प्रकरण

१८९२ च्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या सारागोसा शहराच्या नगरसभेने शहराची ओळख बनलेला तोरे नुएवा हा घड्याळाचा मनोरा उतरवायला घेतला. उंची सुमारे ऐंशी मीटर, बांधकाम सगळे विटांचे, वय चारशेला टेकलेले आणि माथा ओळंब्यापासून अडीच मीटरच्या आसपास बाहेर गेलेला. काम पुरे व्हायला वर्ष लागले. निर्णय चुकला असे आज तिथे जवळजवळ सगळेच म्हणतात, आणि सव्वाशे वर्षांनंतर ते म्हणायला फारसे धाडस लागत नाही. या टिपणाचा हेतू निराळा आहे. त्या वेळी निर्णय घेणाऱ्यांच्या हातात काय होते, कुठल्या वळणावर प्रकरण हातातून गेले आणि त्या वळणावर दुसरे काही करता आले असते का, एवढेच पाहायचे आहे. नगरसेवक, कंत्राटदार, तक्रार करणारे शेजारी यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. त्या जागी कोणीही असते तरी पेच हाच राहिला असता.

पार्श्वभूमी

सारागोसा हे एब्रो नदीकाठचे शहर आठव्या शतकापासून १११८ पर्यंत मुस्लिम सत्तेखाली होते. अकराव्या शतकात इथल्या बनू हूद घराण्याने शहराबाहेर अल्हाफेरिया हा राजवाडा बांधला. तो आजही उभा आहे. १११८ मध्ये आरागॉनचा राजा पहिला अल्फोन्सो याने शहर जिंकले. राज्य बदलले, पण कारागीर तेच राहिले. ख्रिस्ती राजाच्या मुलखात आपला धर्म पाळत राहिलेल्या या मुसलमानांना मुदेहार म्हणतात आणि त्यांच्या हातून घडलेल्या बांधकाम-शैलीलाही तेच नाव पडले आहे.

आरागॉनमध्ये ही शैली एवढी रुजली त्याला एक साधे कारण होते. एब्रोच्या खोऱ्यात चांगला दगड दुर्मीळ आणि महाग, माती आणि जिप्सम मात्र मुबलक. विटेचे काम ज्याला येते त्याच्याकडेच काम जाणार, मग इमारत मशीद असो वा चर्च. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तेराव्या बेनेडिक्टची, म्हणजे पोपपदावर हक्क सांगणाऱ्या धर्मगुरूची, बांधकामे महोमा रामी नावाचा मुसलमान उस्ताद पाहत होता. आज हे वाचताना आश्चर्य वाटते. त्या काळच्या आरागॉनमध्ये यात नवल नव्हते.

या कारागिरांनी चर्चसाठी जे घंटामनोरे बांधले त्यांचा सांगाडा मशिदीच्या मिनाराचा होता. मुवाहिद या मुस्लिम राजवटीत, बाराव्या शतकात, मिनाराची एक पद्धत पक्की झाली होती: बाहेर एक मनोरा, त्याच्या पोटात दुसरा, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीतून वर चढत जाणारा जिना किंवा उतार. सेव्हिलचा हिराल्दा हा या पद्धतीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. ११८४ मध्ये सुरू झालेला आणि ११९८ मध्ये पुरा झालेला तो मिनार आत उतारांनी चढायचा आहे, जिना नाही. आरागॉनमधल्याच तेरुएल शहरातले सान मार्तिन आणि एल साल्वादोर हे चौदाव्या शतकातले मनोरे चर्चचे आहेत, पण आत शिरलात तर दुहेरी भिंत आणि मधला जिना तोच. बाहेरच्या अंगावर विटांच्या शंकरपाळी जाळ्या, एकमेकींत गुंतलेल्या कमानी आणि मधूनमधून हिरव्या-पांढऱ्या झिलईच्या फरशा. घंटा वाजायची जागा तेवढी नव्याने वर चढवलेली.

१५०४ मध्ये सारागोसाच्या नगरसभेने ठरवले की शहराला एक सार्वजनिक घड्याळ हवे आणि त्यासाठी उंच मनोरा हवा. राजा फर्डिनांडने परवानगी दिली. जागा ठरली सान फेलिपे चौकातली. पाच उस्तादांची नावे परंपरेने सांगितली जातात: गाब्रिएल गोम्बाओ, हुआन दे सारिन्येना, हुसे गाली, इस्माएल आयाबार आणि मोन्फेरिस. ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच परांचीवर काम करत होते. गाली हा यहुदी होता असे अनेक ठिकाणी लिहिलेले असते आणि 'तीन धर्मांचा मनोरा' म्हणून त्याचे कौतुकही होते. मला ते पटत नाही. यहुद्यांना स्पेनमधून १४९२ मध्येच हुसकावले होते, तेव्हा १५०४ मध्ये नगरसभेच्या कामावर उघडपणे यहुदी उस्ताद असणे अवघड आहे. दोन धर्म पुरेसे आहेत, तिसरा ओढूनताणून आणायला नको.

मनोरा १५१२ च्या सुमारास पुरा झाला. लोक त्याला तोरे नुएवा, म्हणजे नवा मनोरा, म्हणू लागले आणि पाडेपर्यंत तो 'नवा'च राहिला. तळाचा टप्पा ताऱ्यासारखा कोनाकोनांचा, वर अष्टकोनी टप्पे, माथ्यावर घड्याळाची घंटा आणि टोकदार शिखर. मुदेहार परंपरेत एवढा उंच मनोरा दुसरा झाला नाही.

पुढच्या निर्णयात मोलाच्या ठरणाऱ्या दोन गोष्टी इथेच नोंदवायला हव्यात. एक म्हणजे हा मनोरा कुठल्याही चर्चचा नव्हता. मालक नगरसभा, काम वेळ सांगण्याचे. दुसरी अशी की तो पुरा होऊन पंधरा वर्षे होतात न होतात तोच, १५२६ मध्ये, आरागॉनच्या मुसलमानांवर सक्तीने धर्मांतर लादले गेले आणि १६१० मध्ये त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर घालवण्यात आले. बांधणाऱ्यांची घराणी गेली. मनोऱ्याची देखभाल पुढे ज्यांच्याकडे आली त्यांनी तशी इमारत स्वतः कधी उभी केलेली नव्हती.

अडचण

मनोरा बांधून झाल्यावर लवकरच कलला. पाया घाईने घातला हे कारण सर्वसाधारणपणे दिले जाते आणि ते पटण्यासारखे आहे. आरागॉनमधला जिप्समचा गारा चुन्यापेक्षा फार लवकर धरतो, त्यामुळे विटांचा रद्द्यावर रद्दा, म्हणजे थरावर थर, भराभर चढवता येतो. उस्तादाला ती सोय वाटते, पण खालच्या जमिनीला बसायला वेळच मिळत नाही. शिवाय जिप्समला ओल सोसत नाही. पाणी लागत राहिले की तो हळूहळू विरघळतो, आणि ओल नेहमी पायथ्याशी असते, जिथे सगळे वजन उतरलेले असते. आरागॉनमधल्या विटांच्या मनोऱ्यांचे दुखणे बहुधा पायातून सुरू होते ते यामुळे.

कललेला मनोरा पाहिला की पाहणाऱ्याचे लक्ष माथ्याकडे जाते. इंजिनिअरने पायथ्याकडे पाहावे. ढोबळ हिशेब करून बघू. तळाचा व्यास साडेअकरा मीटरच्या आसपास धरला आणि मनोरा वरपर्यंत सारख्या जाडीचा मानला, तर माथा अडीच मीटर बाहेर असताना वजनाचा मध्य त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वा मीटर बाहेर येतो. गोल, भरीव तळासाठी नियम असा की वजनाची रेषा मध्यापासून व्यासाच्या एक अष्टमांशापर्यंत सरकली तरी कुठल्याच बाजूला ताण येत नाही, सगळीकडे दाबच राहतो. साडेअकराचा अष्टमांश जवळजवळ एक मीटर चव्वेचाळीस सेंटीमीटर. म्हणजे रेषा आतच आहे. मनोरा खाली जाड, वर पातळ आणि आतून पोकळ असेल तर परिस्थिती याहून बरी. आकार गोलाऐवजी अष्टकोनी धरला तरी यात फार फरक पडत नाही.

याचा अर्थ मनोरा सुरक्षित होता असा मात्र लावू नये. या हिशेबात वारा नाही, आणि सारागोसाचा वायव्येकडून येणारा सिएर्सो वारा साधासुधा नसतो. विटा आतून कितपत कुजल्या होत्या तेही यात नाही. हिशेब एवढेच सांगतो की 'कलला आहे, म्हणून पडणार' हे विधान भूमितीने सिद्ध होत नव्हते. धोका असलाच तर तो दोन प्रश्नांच्या उत्तरात होता: कल वाढतो आहे का, आणि पायथ्याची वीट अजून भार पेलते आहे का.

तीनशेहून जास्त वर्षे शहराने हा कल अंगवळणी पाडून घेतला होता. १८०८-०९ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी शहराला दोनदा वेढा घातला तेव्हा मनोऱ्यावर टेहळे बसत आणि तोफगोळा येताना दिसला की घंटा वाजवून लोकांना सावध करत. दुसऱ्या वेढ्यात युद्ध आणि साथी मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसे मेली, निम्मे शहर उद्ध्वस्त झाले, आणि कललेला मनोरा मात्र टिकला. पुढे चार्ल्स क्लिफर्ड आणि जाँ लोराँ यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी त्याची छायाचित्रे काढली. परदेशी पाहुणा सारागोसात आला की हा मनोरा पाहिल्याशिवाय जात नसे.

मग अडचण सुरू कधी झाली? माझ्या मते मनोरा बदलण्याआधी भोवतालचे शहर बदलले. १८६० च्या दशकात जुन्या वस्तीतून आल्फोन्सो रस्ता सरळ कापून काढला गेला, सान फेलिपे चौकापासून हाकेच्या अंतरावर. रुंद रस्ते, नव्या इमारती, चढती भाडी. स्पेनमधली शहरे त्या काळात वेशी आणि तटबंद्या पाडत होती आणि त्याला प्रगती म्हणत होती. चौकातल्या दुकानदारांना डोक्यावर झुकलेल्या मनोऱ्यामुळे गिऱ्हाईक कमी होते असे वाटू लागले. त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. ऐंशी मीटरचा मनोरा पडला तर तो चौकापुरता पडत नाही.

पहिले वळण: १८७८

या प्रकरणावर लिहिणारे सगळे १८९२ वर थांबतात. मला १८७८ जास्त महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी मनोऱ्याचे शिखर उतरवले गेले आणि पायथ्याला मजबुती दिली गेली.

कागदावर हा निर्णय समजूतदार दिसतो. माथ्यावरचे वजन कमी केले, खालचा भाग बळकट केला. दोन्ही बाजूंनी काळजी घेतली. पण त्यातून दोन परिणाम झाले. शिखराचे वजन मनोऱ्याच्या एकूण वजनाच्या मानाने किरकोळ असते, त्यामुळे पायथ्यावरच्या दाबात फारसा फरक पडला नसणार. लोकांच्या डोळ्यांना मात्र मोठा फरक पडला: दिमाखदार शिखर गेले आणि मागे मुंडका मनोरा उरला. दुसरे असे की नगरसभेने आपल्याच कृतीतून जाहीर केले की मनोरा धोकादायक आहे. एकदा मालकाने हे मान्य केल्यावर पुढच्या प्रत्येक तक्रारीला वजन आले. 'तुम्हीच म्हणालात ना?' याला उत्तर उरले नाही.

अर्धे काम करून थांबणे हे अनेकदा काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते. पायथ्याची मजबुती पुरेशी आहे का हे पाहायला मोजणीची सोय हवी होती. ती नसेल तर मजबुतीनंतरही भीती जिथल्या तिथेच राहते. इथे तेच झाले आणि चौदा वर्षांनी प्रश्न पुन्हा टेबलावर आला, या वेळी अधिक कुरूप मनोऱ्यासकट.

पर्याय

कललेल्या किंवा खचलेल्या मनोऱ्याचे काय करायचे हा प्रश्न स्पेनला नवा नव्हता. त्याच परंपरेतल्या मनोऱ्यांवर आधीच्या शतकांत निरनिराळे इलाज झाले होते आणि १८९२ मध्ये ते सगळे जाऊन पाहता येण्यासारखे होते.

सर्वांत जवळचा इलाज तेरुएलचा, त्याच आरागॉनमधला. सान मार्तिनचा मनोरा १३१५-१६ मध्ये बांधलेला. पायथ्यात कमान काढून तिच्यातून रस्ता नेलेला. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ओलीने त्याचा पायथा खाल्ला होता. १५४९ ते १५५१ या काळात पिएर व्हेदेल या फ्रेंच उस्तादाने मनोऱ्याला लाकडी टेकू दिले, खालची कुजलेली वीट काढली आणि तिच्या जागी दगड बसवला. तेरुएलला पाणी आणणारा उंच कमानींचा जलसेतूही याच माणसाच्या हातचा. ही शस्त्रक्रिया विचार करायला लागलो की अंगावर काटा येतो: वर सगळे वजन तसेच, आणि खालून एकेक भाग काढून नवा घालायचा. मनोरा आजही उभा आहे. सारागोसाचा मनोरा सान मार्तिनहून फार उंच आणि जड, हे खरे. पण १८९२ मध्ये लोखंडी तुळया होत्या, सिमेंट होते, जॅक होते. व्हेदेलकडे यातले काही नव्हते.

कॉर्डोबात वेगळा मार्ग धरला गेला. तिथल्या जामा मशिदीला दहाव्या शतकात तिसऱ्या अब्द अल-रहमानने मिनार बांधला होता, आणि मशिदीचे कॅथेड्रल झाल्यावर तोच घंटामनोरा झाला. १५८९ च्या वादळात तो खिळखिळा झाल्यावर १५९३ पासून एर्नान रुईस या घराण्यातल्या तिसऱ्या वास्तुकाराने त्याच्याभोवती नवा मनोरा चढवला. जुना मिनार आत जिवंत राहिला, पण दिसेनासा झाला. सारागोसाला हा उपाय लावता आला असता, पण विटांची जी नक्षी पाहायला लोक येत होते तीच झाकली गेली असती, आणि पायावर वजन वाढले असते ते वेगळेच. मी असतो तर हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला असता.

सेव्हिलमध्ये माथाच बदलला. हिराल्दावरचे सोनेरी गोळे चौदाव्या शतकातल्या भूकंपात पडले. सोळाव्या शतकात एर्नान रुईस दुसरा याने मिनाराच्या डोक्यावर नवे घंटाघर बांधले आणि १५६८ मध्ये त्यावर वाऱ्याबरोबर फिरणारी मूर्ती बसली. जुन्या मिनाराला नवे काम मिळाले आणि म्हणून तो राहिला. सारागोसात याच्या उलट झाले. माथा काढला आणि त्या जागी काहीच आले नाही.

चौथा पर्याय होता तसाच ठेवून लक्ष ठेवण्याचा. माथ्यावरून ओळंबा सोडून खाली खूण करायची आणि दर काही महिन्यांनी पाहायचे. भेगांवर काचेच्या किंवा गिलाव्याच्या पट्ट्या बसवायच्या. तडकल्या तर हालचाल आहे, नाही तर नाही. खर्च जवळजवळ शून्य. पण यात निर्णय लांबणीवर पडतो, आणि लांबणीवर टाकणाऱ्या सभासदाच्या काळात मनोरा पडला तर दोष त्याच्या माथी.

पाचवा, पाडण्याचा. भीती संपते, शेजारी खूश होतात, चौक मोकळा होतो.

पाडण्याच्या बाजूने न्याय्य बोलायचे तर दहाच वर्षांनी घडलेली गोष्ट सांगायलाच हवी. १४ जुलै १९०२ रोजी व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला विटांचा घंटामनोरा सकाळी कोसळला. काही दिवस आधी भेगा दिसल्या होत्या. जुन्या विटांचे भरगच्च काम वर्षानुवर्षे दाबाखाली हळूहळू आतून फुटत जाते आणि शेवटी एकदम जाते, बाहेरून फारशी सूचना न देता. १९८९ मध्ये इटलीतल्याच पाव्हियाचा जुना मनोरा असाच कोसळला आणि चार माणसे मेली. म्हणून 'तीनशे वर्षे उभा आहे, पुढेही राहील' हा सारागोसातल्या बचाव पक्षाचा युक्तिवाद भावनेला पटला तरी तांत्रिकदृष्ट्या कच्चा आहे.

काय केले

१८९२ मध्ये नगरसभेने पाडण्याचा ठराव केला. कारण दिले कल आणि कोसळण्याचा धोका. विरोध झाला. आन्सेल्मो आणि पेद्रो गास्कोन दे गोतोर हे बंधू सर्वांत आवाज करून बोलले. त्यांनी या कृत्याला मनोऱ्याचा खून म्हटले. पण विरोध मुख्यतः कला आणि इतिहासाच्या भाषेत होता आणि नगरसभेचा मुद्दा सुरक्षिततेचा. एक बाजू सौंदर्याबद्दल बोलत होती, दुसरी मृत्यूबद्दल. अशा वादात सौंदर्य जिंकत नाही. बचावाची बाजू मोजमापांवर उभी राहिली असती तर लढाई निदान एकाच मैदानावर झाली असती.

मग परांची उभारली गेली, पार वरपर्यंत. आणि इथे एक गोष्ट घडली जी या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते: पाडण्याआधी शहरातल्या लोकांना शेवटचे एकदा मनोऱ्यावर चढू देण्यात आले. जो मनोरा कोसळेल म्हणून पाडायचा, त्याच्यावर लोकांना चढू द्यायचे! परवानगी देणाऱ्यांना तो लगेच पडेल असे मनातून वाटत नसावे, हे यावरून दिसते. धोका हे कारण खोटे होते असे नाही, पण एकटेही नव्हते. त्याच्यामागे मोकळा चौक, दुकाने आणि जुन्याचा कंटाळा होता.

पाडकाम १८९३ मध्ये संपले. वरून खाली, रद्द्यामागून रद्दा. निघालेल्या विटा विकल्या गेल्या आणि शहरातल्या नव्या घरांच्या पायांत गेल्या. सेव्हिलमध्ये एक दंतकथा सांगतात की १२४८ मध्ये शहर शरण येताना मुसलमानांनी मिनार पाडायची परवानगी मागितली, तेव्हा राजपुत्र अल्फोन्सोने बजावले की एक वीट काढाल तर सगळ्यांची मुंडकी उडवीन. दंतकथाच ती, पण सारागोसातल्या विटांच्या लिलावाशेजारी ठेवून वाचण्यासारखी.

परिणाम

चौक मोकळा झाला. व्यापार त्यामुळे किती वाढला हे बाजूला ठेवू; शहराने काय गमावले त्याचा अंदाज सावकाश येत गेला. शहरातल्या सोळाव्या शतकाच्या एका वाड्याचे कोरीव अंगण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाडा पाडून पॅरिसच्या व्यापाऱ्याला विकले गेले, पण ते सुटे करून नेलेले होते आणि १९५० च्या दशकात विकत घेऊन परत आणता आले. मनोऱ्याच्या विटा घरोघरच्या पायांत गाडल्या गेल्या होत्या. परत आणण्यासारखे काहीच उरले नव्हते.

१९८६ मध्ये युनेस्कोने तेरुएलची मुदेहार वास्तुकला जागतिक वारशात घेतली. त्यात व्हेदेलने वाचवलेला सान मार्तिनही आला. २००१ मध्ये ही नोंद आरागॉनभर वाढवली गेली आणि सारागोसाचे अल्हाफेरिया, ला सेओ कॅथेड्रल आणि सान पाब्लो चर्च तिच्यात आले. या परंपरेतला सर्वांत उंच मनोरा अर्थातच यादीत नाही.

१९९१ मध्ये सान फेलिपे चौकात स्मारक उभे राहिले: विटांची रचना आणि जवळच जमिनीवर बसून, मनोरा होता तिथे वर पाहणाऱ्या मुलाचा पुतळा. विटांचे स्मारक लोकांना रुचले नाही आणि पुढे काढून टाकले गेले. मुलगा राहिला. फरसबंदीत मनोऱ्याच्या तळाची आकृती आखलेली आहे, तिच्यावर उभे राहिले की एवढ्या लहान जागेत ऐंशी मीटर कसे मावले असतील याचा विचार येतोच.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट १८७८ मध्ये. शिखराला हात लावण्याआधी वर्षभर मोजणी करायला हवी होती. ओळंबा, पट्ट्या, पायथ्याशी खड्डा खणून पायाची खरी तपासणी. कल स्थिर निघाला असता तर शिखर ठेवून केवळ पायथ्यावर काम करता आले असते, आणि खर्च जिथे दुखणे होते तिथे गेला असता. कल वाढताना दिसला असता तर निदान पुढचा निर्णय आकड्यांवर झाला असता. शिखर उतरवण्याचा खर्च, मजुरी आणि धोका पत्करून मिळाला तो दिखाऊ दिलासा.

दुसरी गोष्ट मालकी आणि निर्णय यांच्या गुंत्याची. मनोरा नगरसभेचा, चौकातल्या करदात्यांची मते नगरसभेला हवी, आणि धोका किती हे ठरवणारीही नगरसभाच. चर्चच्या मनोऱ्यांना एक सोय होती: घंटा वाजायलाच हवी, त्यामुळे दुरुस्तीसाठी झगडणारे कोणी तरी गावात असायचे. घड्याळाच्या मनोऱ्याला असा कोणी नव्हता, विशेषतः लोकांच्या खिशात स्वतःची घड्याळे आल्यावर. तपासणी शहराबाहेरच्या, चौकात दुकान नसलेल्या अभियंत्याकडे द्यायला हवी होती. त्याने 'पाडा' म्हटले असते तरी त्या सल्ल्याला किंमत आली असती.

शेजाऱ्यांचाही विचार नीट झाला नाही, दोन्ही बाजूंकडून. मनोरा वाचवायचा म्हणणाऱ्यांनी दुकानदारांना अडाणी ठरवले, पण त्यांच्या डोक्यावर टांगलेल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. चौकातले काही गाळे दुरुस्तीच्या काळापुरते रिकामे करून भरपाई देणे, पायथ्याभोवतीचा रस्ता बंद ठेवणे, अशा साध्या व्यवस्थेने विरोधाची धार कमी झाली असती.

पाडायचेच ठरल्यावरही एक काम राहून गेले असे मला वाटते, आणि ते परांचीशी निगडित आहे. ऐंशी मीटर उंचीपर्यंत मनोऱ्याला वेढणारी परांची हा कुठल्याही दुरुस्तीतला मोठा खर्च असतो, आणि तो खर्च नगरसभेने केलाच. तीच परांची वापरून आधी प्रत्येक टप्प्याची विटांची रचना, भेगा, भिंतींची जाडी पाहता आली असती. वरचे टप्पे ठीक आणि फक्त पायथा कुजलेला असे निघाले असते तर टेकू देऊन व्हेदेलच्या वाटेने जाता आले असते. खरोखरच आतून फुटलेला निघाला असता तर वरचा निम्मा भाग उतरवून खालचा ताऱ्याच्या आकाराचा टप्पा जपता आला असता. माझी पसंती याच मधल्या मार्गाला राहिली असती, कारण व्हेनिसचा अनुभव पाहता पूर्ण ऐंशी मीटर तसेच ठेवण्याची जबाबदारी मी त्या वेळच्या कोणाच्या गळ्यात घातली नसती.

आणि यातले काहीच नाही, तरी पाडताना प्रत्येक टप्प्याचे मोजून काढलेले नकाशे करायला हवे होते. मनोरा जसजसा उघडत जातो तसतशी बांधणाऱ्यांची युक्ती एकदाच दिसते: भिंतीतले सांधे, जिन्याची छते, विटांची जुळणी. व्हेनिसने आपला मनोरा दहा वर्षांत, १९१२ पर्यंत, होता तिथे आणि होता तसा पुन्हा उभा केला. सारागोसात तशी इच्छा पुढे कोणाला झालीच तर छायाचित्रे हाताशी आहेत, पण छायाचित्रात मनोऱ्याचे फक्त बाहेरचे अंग दिसते.